एकशे साठ कोटींची हजेरी

कोविडच्या साथीमुळे एप्रिल 2020 मध्ये 190हून अधिक देशांत शाळा-कॉलेजांना कुलपं लागली होती. युनेस्कोच्या हिशेबाने घरी बसलेले विद्यार्थी जवळपास 160 कोटी. त्यांची हजेरी घ्यायची म्हटली, सेकंदाला एक नाव, मधली सुट्टी नाही, रविवार नाही, तर शेवटचा ‘हजर’ ऐकू येईतो 2070 साल सरत आलेलं असेल. एकट्या भारतातल्या 24.7 कोटी मुलांनाच पावणेआठ वर्षांहून जास्त लागतील.

पण असला आकडा एक लबाडी करतो, सगळ्यांना एकाच बाकावर बसवतो. बाक कुठे एक होतं?

ग्रामीण शिक्षणाचा अहवाल देणाऱ्या ‘असर’च्या 2020च्या पाहणीत गावाकडच्या 61.8 टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन निघाला. दोनच वर्षांपूर्वी हे प्रमाण 36.5 होतं. कागदावर झेप मोठी. पण ऑगस्ट 2021 मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतल्या सुमारे 1,400 मुलांना विचारलं, तेव्हा नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं शहरात 24 टक्के, गावात फक्त 8. स्मार्टफोन असलेल्या घरांतसुद्धा गावात 15च. कारण फोन घराचा नसतो, बापाचा असतो. सकाळी तो बापाच्या खिशातून कामावर जातो. रात्री येतो तेव्हा बॅटरी लाल, डेटा संपत आलेला आणि भावंडं तीन. त्यात थोरली दहावीला असली, तरी भाकऱ्या थापून होईपर्यंत तिचा नंबर कुठला लागायला!

मनाचा हिशेब याहून अवघड. जगभरातल्या 29 अभ्यासांतली 80 हजारांवर मुलं एकत्र धरून 2021 मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. नैराश्याची लक्षणं 25.2 टक्के मुलांत, चिंतेची 20.5 टक्के मुलांत. साथीआधीच्या अंदाजांच्या साधारण दुप्पट. मुलींत प्रमाण जास्त, आणि नैराश्य मोठ्या वयाच्या मुलांत जास्त. साठांच्या वर्गात पंधरा जण झाले हे. एरवी त्यातल्या एखादीचा उतरलेला चेहरा वर्गातल्या बाईंना दिसला असता. इथे वर्गच भरत नव्हता. मुली शाळेबाहेर राहिल्या की पुढे काय होतं, तेही ठाऊक आहे: साथीमुळे दशकभरात एक कोटीपर्यंत जादा बालविवाह होतील, असा इशारा युनिसेफने मार्च 2021 मध्ये दिला.

आणि आपल्या महाराष्ट्राचा दहावीचा निकाल? 2019 मध्ये 77.10 टक्के. 2021 मध्ये परीक्षा रद्द झाली आणि निकाल लागला 99.95 टक्के. पावणेसोळा लाखांच्या आसपास मुलं, त्यांतल्या 957 जणांना शंभर टक्के गुण. फोन हातात असलेले नि नसलेले, सगळे एका ओळीत पास. गुण दिले ते असे: तीस दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे, वीस तोंडी-प्रात्यक्षिकाचे आणि उरलेले पन्नास नववीच्या निकालावरून. त्या नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा मुळात झालीच नव्हती.