पिळात मावलेला डीएनए

जिवाणूच्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून त्याचा डीएनए पेशीभर मोकळा तरंगत असतो, हा समज शाळेपासूनच रुजतो. प्रत्यक्षात आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूचा डीएनए पेशीच्या मध्यभागी दाट पुंजक्यात असतो. त्याभोवती पडदा नसतो, इतकेच.

एवढ्याशा जिवाला माहिती कितीशी लागणार, असेही वाटते. ई. कोलायच्या के-12 या वाणाचा संपूर्ण जनुकक्रम 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 46 लाख अक्षरजोड्या आणि 4,300 च्या आसपास जनुके आहेत. अक्षरे चारच: ए, टी, जी, सी. ती तिना-तिनाच्या गटाने वाचली जातात. ही लिपी उलगडणाऱ्यांपैकी अविभाजित पंजाबात जन्मलेले हरगोबिंद खुराना यांना 1968 चे नोबेल मिळाले.

हा धागा सरळ केला तर सुमारे 1.6 मिलिमीटर भरतो, म्हणजे पेशीच्या लांबीच्या आठशेपट. तो कसाबसा कोंबलेला असणार, हा सर्वांत मोठा गैरसमज. धागा इतका बारीक असतो की पेशीची जेमतेम एक टक्का जागा व्यापतो. खरी अडचण गुंत्याची. सुंभ पिळत गेले की एका हद्दीनंतर तो स्वतःभोवतीच वळून गोळा होतो. दोन पदरांचा डीएनएही तसाच आटोपशीर होतो. फरक असा की जिवाणूत पीळ उलटा दिलेला असतो, त्यामुळे दोन्ही पदर सहज सुटतात आणि मजकूर वाचता येतो. हे काम गायरेज नावाचे विकर करते: दोन्ही पदर कापते, धाग्याचा दुसरा भाग त्या फटीतून पार करते आणि कापलेले पुन्हा सांधते. काही प्रथिने धाग्याला वाकवून त्याचे फास बांधून ठेवतात.

प्रत्येक जिवाणूत एकच गोल गुणसूत्र असते, हेही सरसकट खरे नाही. कॉलऱ्याच्या जिवाणूत दोन असतात. मृद्गंध देणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीसचे गुणसूत्र सरळ असते.

वाळलेला जिवाणू मेलाच, असेही नाही. चंडीगडच्या सेक्टर 39-अ मधील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेच्या संग्रहात 1986 पासून जिवाणू जतन केले जातात. त्यांतले पुष्कळ गोठवून सुकवलेले, काचेच्या बंद कुप्यांत. योग्य पोषकद्रव मिळाले की ते पुन्हा वाढू लागतात.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक डीएनएला पीळ देणाऱ्या गायरेजलाच अडवते: कापलेले पदर सांधले जात नाहीत आणि जिवाणू मरतो.