मेस्त्रीच्या गाडीचे पार्किंग कोणी भरायचे?

मारेडपल्ली, पद्मारावनगर भागांत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच सभासदांची घरे आता तीस-चाळीस वर्षांची झाली आहेत. बाथरूमच्या फरश्या, नळाच्या जुन्या लाइनी, वायरिंग, दरवर्षी कोणाकडे तरी काम निघतेच. टाइल्सचा आणि मजुरीचा दर आपण घासाघीस करून ठरवतो. कामगारांच्या गाड्या दिवसभर कुठे उभ्या राहणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे ठरवायचे राहून जाते. माझेही राहिले.

मागच्या वर्षी आमच्या फ्लॅटमधील दोन बाथरूमचे काम ठोक रकमेत एका गुत्तेदाराला दिले. अपार्टमेंटच्या आवारात बाहेरची गाडी लावू देत नाहीत. त्यामुळे त्याचा छोटा टेम्पो आणि मदतनिसांच्या दोन मोटारसायकली जवळच्या पैसे घेणाऱ्या जागेत उभ्या राहू लागल्या. टेम्पोचे रोज 60 रुपये, मोटारसायकलीचे 20. दहा दिवसांचे काम 23 दिवस चालले आणि शेवटच्या हिशेबात पार्किंगचे 2,300 रुपये आले. मी नाही म्हणालो. ठोक रकमेत सगळे आले, हे माझे बँकेतले उत्तर. तो काही न बोलता गेला. नंतर वॉचमनकडून कळले की, दोन्ही पोरांच्या मजुरीतून त्याने रोजचे वीस-वीस रुपये कापून घेतले होते.

कायद्याने माझे म्हणणे चुकीचे नव्हते. ठोक रकमेच्या करारात ठरलेल्या कामासाठी येण्याजाण्याचा खर्च काम घेणाऱ्याच्या दरातच धरला जातो. वेगळा ठराव असेल तर गोष्ट वेगळी. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 70 नुसार, कोणी आपल्यासाठी फुकट करण्याचा हेतू न ठेवता कायदेशीरपणे काही केले आणि आपण त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. पण आधी ठराव असेल तर तोच पाहिला जातो. मात्र कामात नसलेला एखादा व्हॉल्व्ह आणायला तुम्ही प्लंबरला राणीगंजला पाठवलेत, तर तिथले पार्किंग तुमचेच, असे मी म्हणेन.

2018 साली तेलंगण सरकारने मॉलसारख्या व्यापारी संकुलांत पहिली 30 मिनिटे पार्किंग मोफत केले. दिवसभर फरशी बसवणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

जीएसटीचे बिल घेणार असाल तर आणखी एक बारकावा. गुत्तेदाराने बिलात लावलेला असा किरकोळ खर्च कामाच्या किमतीतच धरतात आणि त्यावर 18 टक्के कर बसतो. म्हणजे 100 रुपयांचे पार्किंग 118 ला पडते. तेच पैसे आपण पार्किंगवाल्याला थेट दिले तर हा बोजा वाचतो.

चलनाचे वेगळे. चुकीच्या जागी गाडी लावली, तर ई-चलन गाडीच्या नंबरावर जाते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 127 खाली गाडी उचलूनही नेता येते. ते घरमालकाने भरण्याचे कारण नाही. अर्थात, "लाव इथेच, काही होत नाही" असे आपणच सांगितले असेल, तर हात वर करू नयेत.

ज्यांची मुले लंडनला आहेत त्यांनी ऐकले असेल, तिथे अनेक रस्त्यांवर रहिवाशांच्या परवान्याशिवाय गाडी लावता येत नाही. पाहुण्यांच्या गाडीचा परवाना रहिवाशालाच काढावा लागतो. म्हणून कारागीर येण्याआधीच पार्किंगचे विचारतो.

आपल्याकडे एस्टिमेटच्या कागदावर दोन ओळी पुरतात: गाड्या किती, कुठे लागणार, रोजचे पैसे कोण देणार आणि काम लांबले तर वाढीव दिवसांचे कोणाकडे. मदतनिसांच्या मजुरीतून कापायचे नाही, हेही त्यातच लिहून घ्यावे.

त्या दोघा पोरांचे प्रत्येकी 460 रुपये मी नंतर पोहोचते केले. टेम्पोचे 1,380 मात्र दिले नाहीत. ते द्यायला हवे होते की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.