बंद संगणकाचा चालू पडदा

सांगलीला माझ्या मामांचे टीव्ही दुरुस्तीचे छोटेसे दुकान आहे. त्या दुकानाच्या माळ्यावर २०१९ सालापासून एक ‘ऑल-इन-वन’ संगणक पडून होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, हे वाचकांस आठवत असेलच. एका शिकवणी वर्गाचा हा संगणक पाण्यात बुडाला नव्हता. पण बंद खोलीतल्या ओलीत आठ-दहा दिवस राहिला. मालकाने तो ‘बघा जमलं तर’ म्हणून आणून टाकला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच संगणकाच्या पडद्यावर आम्ही मामांच्या लग्नाआधीचा टीव्ही गेम खेळलो. हे कसे जमले, ते सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तेव्हा विज्ञानाच्या प्राध्यापकांनी चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

ऑल-इन-वन म्हणजे पडदा आणि संगणक एकाच खोक्यात. ही कल्पना जुनीच आहे. १९७७ सालचा ‘कमोडोर पेट’ असाच होता आणि १९९८ मध्ये आलेला ॲपलचा रंगीत, फुगीर ‘आयमॅक’ही असाच. जागा कमी लागते, वायरींचा गुंता नाही, म्हणून बँका, शाळा, क्लास यांनी अशी यंत्रे पुष्कळ घेतली. पण एकत्र कुटुंबाचे असते तसेच येथे होते. एकाचे दुखणे सगळ्यांना भोगावे लागते. मदरबोर्ड गेला की चांगला पडदाही त्याच्याबरोबर भंगारात जातो. साध्या मॉनिटरला मागे एक तोंड असते, त्यात कोणत्याही संगणकाची वायर खुपसता येते. बहुतेक ऑल-इन-वनना बाहेरून चित्र आत घेण्याचे तोंडच नसते. काही कंपन्यांनी काही मॉडेलना ते ठेवले. ॲपलनेही २००९ ते २०१४ मधील काही आयमॅक दुसऱ्या संगणकाचा पडदा म्हणून वापरता येतील अशी सोय केली होती. मात्र त्यासाठी आतला संगणक जिवंत लागतो. आमचा तर गंजून हिरवा पडला होता.

मामा म्हणाले, “आगं, ह्याचा मेंदू गेलाय, डोळा नाही. डोळ्याला काय, कुणीतरी त्याच्या भाषेत सांगितलं की झालं.”

ही भाषा कोणती, ते पाहू. काचेच्या पॅनेलला मदरबोर्डकडून एक चपटी, बारीक तारांची पट्टी येते. तिच्यातून एलव्हीडीएस नावाच्या पद्धतीने प्रत्येक ठिपक्याचा रंग अतिशय कमी दाबाच्या विद्युत्संकेतांनी सांगितला जातो. (अलीकडच्या पॅनेलांत ईडीपी ही दुसरी पद्धत असते.) टीव्ही गेमच्या पिवळ्या वायरीतून येणारे चित्र अगदी निराळ्या भाषेत असते. म्हणून मध्ये एक दुभाषी बसवायचा. टीव्ही दुरुस्तीवाले त्याला ‘युनिव्हर्सल बोर्ड’ म्हणतात. तळहाताएवढे हे कार्ड आम्हाला साडेसातशे रुपयांना पडले. त्याला एव्ही, व्हीजीए, एचडीएमआय अशी सगळी तोंडे असतात, शिवाय रिमोटही येतो.

कार्ड आणले आणि जोडले, इतके मात्र हे सोपे नाही. ही किंमत मी एक पॅनेल जाळून शिकले. मामांकडे जाण्याआधी साताऱ्यात मी एका भंगारवाल्याकडून असाच एक बंद ऑल-इन-वन घेतला होता आणि मोबाइलवर चित्रफिती पाहून स्वतःच उद्योग आरंभला. कार्डावर एक छोटी पिन असते, तिला जंपर म्हणतात. पॅनेलला ३.३, ५ की १२ व्होल्ट द्यायचे, ते तिने ठरते. माझ्या पॅनेलला ५ हवे होते. जंपर १२ वर होता, तो मी पाहिलाच नाही. बटण दाबले, बारीकसा वास आला आणि पडदा कायमचा काळा झाला. पाचशे रुपये आणि माझा रुबाब, दोन्ही गेले.

मामांची पद्धत याच्या बरोबर उलट. त्यांनी आधी संगणकाची वायर काढून बराच वेळ तसाच ठेवला, कारण पॉवर सप्लायमधील मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही वीज साठून राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. मग पाठ उघडून पॅनेलच्या मागच्या चिठ्ठीवरचा नंबर कागदावर उतरवला. पॅनेलचा मॉडेल नंबर कळला की त्याचे व्होल्ट, तारांचा क्रम आणि ठिपक्यांची संख्या माहितीपत्रकात सापडते. आमचे २० इंची पॅनेल १६०० × ९०० ठिपक्यांचे निघाले. त्या मापाचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन कार्डात भरला. पडद्यामागचा उजेड निराळ्या मार्गाने द्यावा लागतो: जुन्या पॅनेलात बारीक नळ्या असतात, त्यांना शेकडो व्होल्ट देणारा इन्व्हर्टर लागतो, नव्यांत एलईडीच्या पट्ट्या असतात, त्यांना ठरावीक करंट देणारे वेगळे कार्ड. आमच्यात एलईडी होते, हे नशीब. पहिल्यांदा चित्र आले ते फोटोच्या निगेटिव्हसारखे, माणसांचे चेहरे निळे! मामा हसले. रंगांचा क्रम सांगण्याच्या दोन रीती आहेत आणि कार्ड दुसरीच रीत धरून बसले होते. मेनूत जाऊन ‘मॅपिंग’ बदलताच सारे ताळ्यावर आले.

आता गेमविषयी. १९९०च्या दशकात आपल्याकडे बाजारात मिळणारे टीव्ही गेम हे बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या ‘फॅमिली कम्प्युटर’ या यंत्राच्या नकला होत्या. त्याचे चित्र फक्त २५६ × २४० ठिपक्यांचे. ते रुंद पडद्यावर ताणले की मारिओ बेढब, बुटका दिसतो. म्हणून कार्डाच्या मेनूत ४:३ हे प्रमाण निवडावे. मग आमच्या पडद्यावर १२०० × ९०० चे चित्र येते आणि दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहू द्याव्यात.

दुसरी एक गंमत लक्षात आली. ‘काँट्रा’मध्ये आपला शिपाई मेल्यावर पुन्हा उतरतो, तेव्हा काही क्षण लुकलुकत राहतो. चपट्या पडद्यावर तो लुकलुकण्याऐवजी पट्ट्यापट्ट्यांचा, भुतासारखा दिसू लागला. कारण असे की नळीच्या टीव्हीचे एक चित्र दोन अर्ध्या चित्रांचे बनते, आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या. गेमचे यंत्र मात्र दर वेळी पूर्ण चित्रच पाठवते. दुभाष्याला ते ठाऊक नसते. तो दोन चित्रांना अर्धी समजून एकात एक विणतो. पहिल्यात शिपाई आहे, दुसऱ्यात नाही, म्हणून पट्ट्या.

येथे कुणी विचारील की एवढा खटाटोप कशाला? मदरबोर्ड चालू असेल तर खरोखरच नको. मग यंत्र उघडूच नये. त्यात लिनक्स घालून जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम बसवावा. पण मामांना नक्कल नको होती. त्यांना तीच पिवळी कॅसेट, तेच झिजलेले बटण आणि मुख्य म्हणजे तीच बदके मारायची बंदूक हवी होती.

आणि तीच चालेना. मामा एकाहत्तर वेळा नव्हे, पण पंधरा-वीस वेळा तरी चाप ओढत राहिले. बदके खुशाल उडत होती. बंदूक काही फेकत नाही, ती फक्त पाहते. चाप ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीच्या नळीतील प्रकाश ओळखणाऱ्या भागाला त्याच क्षणी उजेड दिसला तर नेम लागला. नळीच्या टीव्हीत चित्र येताक्षणीच काचेवर उमटते. आमचा दुभाषी आधी चित्र ऐकून घेतो, मग सांगतो. त्या उशिरात बंदुकीची वेळ निघून जाते. शिवाय नळीतील किरण सेकंदाला सुमारे पंधरा हजार ओळी काढतो, त्या वेगाने लखलखणारा उजेडच खरा, असे ही बंदूक धरून चालते. एलसीडीचा स्थिर उजेड तिच्या लेखी ट्यूबलाइटसारखाच.

मामांनी बंदूक उघडून साफ केली, पुन्हा जोडली, पुन्हा ओढली. मी कारण समजावून सांगितले तेव्हा म्हणाले, “ते मलाबी ठाऊक हाय गं.” तरी आणखी दोनदा ओढून पाहिली.

सुट्टी संपल्यावर तो पडदा गोधडीत गुंडाळून एस.टी.ने मी साताऱ्याला आणला. कराडपर्यंत मांडीवर, पुढे जागा मिळाली. मामांनी मिरजेच्या भंगारातून चौदा इंची नळीचा एक टीव्ही उचलला असून त्याचा आवाज गेला आहे, पण चित्र ठीक आहे. काँट्रा साताऱ्यात, बदके सांगलीत, अशी सध्या वाटणी आहे.