ठाणे व कल्याण–डोंबिवली परिसरातील घरगुती द्राक्षवेल

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत परसबागेत, बंगल्याच्या कुंपणालगत किंवा इमारतीच्या गच्चीवर फळासाठी अथवा सावलीसाठी वाढवल्या जाणाऱ्या द्राक्षाच्या वेलीस येथे घरगुती द्राक्षवेल म्हटले आहे. या भागात द्राक्षाची व्यावसायिक शेती होत नाही. कल्याणपासून लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटरवर असलेले नाशिक हे मात्र देशातील द्राक्षाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. त्यामुळे फळ ओळखीचे, पण वेल अनोळखी, अशी येथील स्थिती आहे. "कोकणात द्राक्षे येत नाहीत" हा समज सर्वत्र रूढ आहे. तो पूर्णतः खरा नाही. येथे वेल सहज जगते आणि जोमाने पसरते. अडचण येते ती फळाची, आणि तिचे कारण बहुतांशी छाटणीच्या वेळेत असते.

हवामान

द्राक्ष ही मूळची समशीतोष्ण प्रदेशातील पानगळी वेल आहे. युरोपात व पश्चिम आशियात ती थंडीत पाने गाळून विश्रांती घेते, वसंतात फुटते आणि उन्हाळ्याच्या शेवटी फळ देते. महाराष्ट्रात तिला गोठवणारी थंडी मिळत नाही, म्हणून ती वर्षभर हिरवी राहते. तिची विश्रांती आणि फूट या दोन्ही गोष्टी माणसाला छाटणीने घडवून आणाव्या लागतात. राज्यातील बागांत वर्षातून दोन छाटण्या होतात व पीक एकच घेतले जाते. फळ काढल्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाला होणारी ती खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर होणारी ती फळ छाटणी. शेतकरी त्यांना अनुक्रमे एप्रिल छाटणी व ऑक्टोबर छाटणी असेही म्हणतात. म्हणजेच येथील द्राक्ष हिवाळ्यात पोसते आणि फेब्रुवारी–मार्चमध्ये पिकते.

हे वेळापत्रक ठाण्यालाही मुळात सोयीचे आहे, कारण नोव्हेंबर ते मे हा काळ येथेही कोरडाच असतो. फरक पावसाळ्याचा आहे. ठाणे परिसरात जून ते सप्टेंबर या काळात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील निफाडसारख्या द्राक्षपट्ट्यात त्याच्या एक तृतीयांशही पडत नाही. चार महिने ओली राहणारी पाने आणि आठवडेच्या आठवडे झाकलेले आकाश, या दोन गोष्टींतून घरगुती वेलीच्या बहुतेक तक्रारी निर्माण होतात.

वेल फोफावते, पण घड का येत नाहीत?

घरी द्राक्ष लावणाऱ्यांचा हा सर्वांत सामान्य प्रश्न आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर दिसणारा घड त्या वेळी तयार होत नाही. तो काडीवरील डोळ्यात कित्येक महिने आधी, खरड छाटणीनंतर साधारण पस्तिसाव्या ते साठाव्या दिवसाच्या दरम्यान, सूक्ष्म रूपात घडलेला असतो. या काळाला घडनिर्मितीचा काळ म्हणतात. तेव्हा डोळ्यांवर भरपूर ऊन असेल, तर त्यांत घड धरतो. आकाश ढगाळ असेल किंवा वाढ दाट होऊन काड्या सावलीत गेल्या असतील, तर त्याच जागी केवळ तणाव (वेलीचे वळणारे तंतू) तयार होतात व डोळा वांझ राहतो.

आता हा हिशेब ठाण्याच्या दिनदर्शिकेवर मांडून पाहावा. मुंबई परिसरात नैऋत्य मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनच्या सुमारास दाखल होतो. वेल २० एप्रिलला खरडली, तर घडनिर्मितीचे दिवस २५ मे ते १९ जून असे येतात. म्हणजे नेमके वळवाचे ढग आणि पहिला पाऊस. तीच छाटणी १५ मार्चला केली, तर हे दिवस १९ एप्रिल ते १४ मे या कडक उन्हाच्या काळात पडतात. नाशिक–सांगलीकडची 'एप्रिल छाटणी' हे नाव शब्दशः घेऊन कोकणात एप्रिलअखेर कात्री चालवणे हे म्हणूनच वांझ वेलीचे मोठे कारण ठरते. मार्चच्या मध्यापर्यंत खरड छाटणी उरकणे हा येथील घरगुती लागवडीतील सर्वांत महत्त्वाचा नियम मानता येईल. त्यासाठी फळही फेब्रुवारीअखेर उतरलेले हवे. फळानंतर वेलीला दोन-तीन आठवडे विसावा देऊन मग छाटणी करतात.

दुसरे कारण ऑक्टोबरमधील कात्रीचे आहे. थॉमसन सीडलेस व तिच्या कुळातील वाणांत काडीच्या बुडाकडील डोळे बहुधा वांझ असतात. घड सामान्यतः वरच्या डोळ्यांतून येतो. गुलाबाप्रमाणे दोन-तीन डोळे राखून काडी आखूड कापली, तर घडाचे डोळेच कचऱ्यात जातात.

वाणाची निवड

रोपवाटिकांत 'हिरवी द्राक्षे' व 'काळी द्राक्षे' एवढ्याच ओळखीवर रोपे विकली जातात. वाणाचे नाव, तसेच रोप कलमी आहे की काडीपासून मुळे फुटलेले, हे विचारून घ्यावे. त्याचे उत्तर मिळत नसेल, तर ते रोप न घेणे बरे.

थॉमसन सीडलेस ही बिनबियांची हिरवी जात महाराष्ट्रातील द्राक्षशेतीचा पाया आहे. तास-ए-गणेश हा सांगली जिल्ह्यातील बोरगाव येथे, तर सोनाका हा सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे शेतकऱ्यांनी तिच्यातूनच निवडलेला वाण होय. काळ्या रंगाचा शरद सीडलेसही नान्नजचाच. हे सर्व वाण चवीला उत्तम असले, तरी केवडा व करपा या रोगांना सहज बळी पडतात आणि त्यांना नेमकी छाटणी लागते. ठाण्यात ते लावायचे, तर पावसापासून आडोसा करण्याची तयारी हवी.

नवशिक्यासाठी बंगलोर ब्लू अधिक सोयीची आहे. कर्नाटकात बंगळूरच्या आसपास पिकणारी ही जांभळी, बियांची जात अमेरिकी द्राक्षाच्या वंशातील आहे. तिची साल गरापासून सहज सुटते आणि तिला एक विशिष्ट उग्र गंध असतो. तो सर्वांनाच आवडेल असे नाही. बिनबियांच्या गोड द्राक्षांची सवय असलेली मुले ती बहुधा बाजूला सारतात. मात्र रस व जॅम यांसाठी ती चांगली आहे. ती करप्याला दाद देत नाही, केवड्याला मात्र देते. शिवाय चार डोळ्यांवर छाटली तरी घड देते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी वंशातील कॅटॉबा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून विकसित केलेला एआरआय-५१६ हा वाण बुरशीजन्य रोगांना प्रतिकारक असून मुख्यतः रसासाठी आहे. त्याची अस्सल काडी मिळाली, तर तो या हवामानासाठी पहिल्या पसंतीचा ठरावा. तमिळनाडूतील कंबम खोऱ्यात 'पन्नीर' नावाने होणारी गुलाबी ही सुवासिक, बियांची जातही हौशी लोक लावतात.

वाणाबाबत शंका असल्यास पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे साहित्य उपयोगी पडते.

खुंटाचाही विचार करावा लागतो. द्राक्षाला क्षार सोसत नाहीत. खाडीलगतच्या भागांत कूपनलिकेचे पाणी मचूळ असल्यास पानांच्या कडा करपतात. तेथे डॉगरिज या क्षारसहिष्णू खुंटावरील कलम उपयोगी पडते. मात्र डॉगरिज वेलीला अतिशय जोम देतो आणि पावसाळी हवेत तो जोम आवरणे कठीण जाते. नळाचे गोडे पाणी उपलब्ध असेल, तर साधी काडीची वेलही पुरेशी असते. ऑक्टोबर छाटणीतील पेन्सिलएवढ्या जाडीच्या, चार डोळे असलेल्या पक्व काड्या पिशवीत लावल्यास काही आठवड्यांत मुळे धरतात. एखाद्या ओळखीच्या बागायतदाराकडे त्या सहज मिळतात, कारण त्या काळात बागेत त्यांचे ढीग पडलेले असतात.

जागा व लागवड

दिवसाचे किमान सहा ते आठ तास थेट ऊन ही पहिली अट आहे. जाळी लावून बंद केलेल्या गॅलरीत ती क्वचितच पूर्ण होते. तेथे द्राक्षाऐवजी एखादी फुलवेल लावणे शहाणपणाचे. गच्ची, बंगल्याची दक्षिण किंवा पश्चिम बाजू आणि मोकळे अंगण या योग्य जागा होत.

जमिनीत साधारण ६० सेंटीमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो माती, कुजलेले शेणखत, थोडी वाळू व निंबोळी पेंड यांनी भरतात. पावसाळ्यात पाणी साचणारी जागा टाळावी किंवा वाफा उंच करावा. गच्चीवर प्लॅस्टिकचे निळे पिंप अर्धे कापून वापरतात. सुमारे १०० लिटर माती मावेल एवढे भांडे तरी हवे. एवढ्या ओल्या मातीचे वजन दीडशे किलोग्रॅमच्या पुढे जाते. म्हणून भांडे स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता तुळई किंवा खांबाच्या माथ्याशी, विटांवर उचलून ठेवावे. गृहनिर्माण संस्थेची परवानगी घेणे आणि गच्चीच्या गळतीरोधक थरावर ओल साचणार नाही हे पाहणे आवश्यक आहे. वरच्या मजल्यावरील गळतीवरून होणारी भांडणे द्राक्षाच्या हंगामापेक्षा जास्त काळ टिकतात.

लागवड जानेवारी–फेब्रुवारीत केल्यास पावसाआधी रोप स्थिरावते. पहिल्या वर्षी एकच सरळ खोड बांबूच्या आधाराने मांडवापर्यंत न्यावे, तेथे शेंडा खुडून दोन बाजूंना दोन ओलांडे वळवावेत आणि ओलांड्यांवर काड्या तयार कराव्यात. या वर्षात फळाची अपेक्षा नसते.

वर्षभराची निगा

मार्चमधील खरड छाटणीत प्रत्येक काडीचा बुडाकडील एक डोळा राखून बाकी सर्व भाग कापतात. फूट आल्यावर दुबळ्या व दाट काड्या काढून प्रत्येक काडीला स्वतंत्र ऊन मिळेल एवढीच संख्या ठेवतात. काडी सात पानांची झाली की शेंडा खुडतात. वरच्या पेरातून पुन्हा फूट निघते आणि त्या ठिकाणी एक गाठ दिसते. घडाचे डोळे बहुधा या गाठीच्या आसपास असतात, म्हणून ती जागा ध्यानात ठेवावी. घडनिर्मितीच्या दिवसांत नत्रयुक्त खत देऊ नये आणि पाणी बेताचे द्यावे, अन्यथा वेल पानांच्याच मागे लागते.

पावसाळ्यात लक्ष रोगांवर असते. पानाच्या वर तेलकट पिवळे डाग व खाली पांढरी बुरशी हे केवड्याचे लक्षण आहे. कोवळ्या शेंड्यांवर काळसर खोलगट ठिपके दिसले, तर तो करपा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पानांखाली नारिंगी पूड दिसली, तर तो तांबेरा. केवड्याच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पानावर टिकून राहिलेले पाणी लागते, आणि येथेच एका वेलीच्या मालकाला शेकडो वेलींच्या बागायतदारापेक्षा अधिक संधी असते. मांडवावर पारदर्शक प्लॅस्टिकचे उतरते छप्पर टाकून बाजू मोकळ्या ठेवल्या, तर पाने कोरडी राहतात व फवारणीची गरज बरीच कमी होते. अशा छपरासाठी एकरी मोठा खर्च येतो. घरी तो एका ताडपत्रीच्या भावात होतो. वारा शिरावा म्हणून जमिनीलगतची पाने व बगलफुटी काढून टाकाव्यात.

छप्पर नसल्यास एक टक्का बोर्डो मिश्रण वापरतात. लिटरमागे १० ग्रॅम मोरचूद व १० ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून एकत्र करतात. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर आला, तर चुना वाढवावा. शेजाऱ्यांच्या खिडक्या व वाळत घातलेले कपडे लक्षात घेऊन वारा नसताना फवारणी करणे हा शहरातील बागकामाचा भाग आहे.

मुंबई परिसरातून मोसमी पाऊस सरासरीने ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो. फळ छाटणीची घाई करू नये. कोवळी फूट परतीच्या पावसात सापडल्यास केवडा घडांसकट तिचा फडशा पाडतो. साधारण २० ऑक्टोबरची तारीख सुरक्षित आहे. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडून पाने हाताने काढतात, म्हणजे वेलीला विश्रांतीचा आभास होतो. पक्व, तपकिरी काड्या गाठीच्या वर एक-दोन डोळे राखून छाटतात. गाठ नसल्यास थॉमसन कुळातील वाणांत सहा ते आठ डोळे राखतात.

बागायतदार डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे रसायन त्वचेला व श्वसनाला अपायकारक असून घरी वापरण्याजोगे नाही. त्याशिवाय फक्त टोकाचे एक-दोन डोळे फुटतात. काडी आडवी वाकवून तारेला बांधल्यास मधले डोळेही काही अंशी जागे होतात.

नवी फूट हाताएवढी झाली की घड दिसू लागतात. कुंडीतील वेलीवर दहा-बाराच घड ठेवावेत. डिसेंबर–जानेवारीत पहाटेचे दव व धुके पडू लागले की मण्यांवर राखेसारखी भुरी येते; पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात सकाळी फवारल्याने ती आटोक्यात राहते. कडक उन्हात गंधकाने पाने भाजतात. पिठ्या ढेकूण दिसल्यास मुंग्यांची ये-जा आधी थांबवावी, कारण मुंग्या त्यांचे रक्षण करतात.

मणी आकाराने बाजारातील द्राक्षांएवढे होत नाहीत. बाजारातील बिनबियांच्या मण्यांचा आकार जिब्रेलिक आम्लाच्या उपचारांनी व विरळणीने वाढवलेला असतो. घरच्या थॉमसनचा मणी लहान राहतो; त्यात वेलीचा काही दोष नाही.

फळ उतरवणे

छाटणीपासून सुमारे १२० ते १३० दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, घड तयार होतो. द्राक्ष तोडल्यानंतर आंब्यासारखे पिकत नाही, तेव्हा रंगावर न जाता घडाच्या टोकाकडचा मणी चाखून निर्णय घ्यावा. तो मणी सर्वांत शेवटी गोड होतो. दिवसा बुलबुल व साळुंक्या आणि रात्री फलाहारी वटवाघळे यांचेही याच घडांवर लक्ष असते. मण्यांत पाणी उतरू लागताच प्रत्येक घडाला मलमलीची किंवा कागदाची पिशवी बांधतात. संपूर्ण मांडवावर सैल जाळे टाकल्यास पक्षी त्यात अडकून मरतात, म्हणून जाळे लावायचे झाल्यास ते ताणून बसवावे.