सकाळची फेरी आणि वारसाची नोंद

महसूल खात्यात कारकुनी करून वयाच्या ५८ व्या वर्षी आम्ही निवृत्त झालो. तेव्हापासून रोज पहाटे वाईच्या गणपती घाटावरून मेणवलीपर्यंत पायी जाऊन येण्याचा नेम ठेविला आहे. जाऊन-येऊन सुमारे दोन कोस पडतात. वयस्क माणसाने आठवड्यास निदान १५० मिनिटे झपझप चालावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. खुर्चीवर बसून आखडलेल्या गुडघ्यांस तर हे औषधच होय. परंतु या फेरीचा दुसरा लाभ असा की, कचेरीत जे कोणी बोलत नसे ते बांधावर ऐकावयास मिळते.

गेल्या माघातील गोष्ट. वाटेत एका मळ्यात चुलाणावर हळदीची काहील चढली होती. मळ्याचे धनी आमच्याहून वडील व जुन्या परिचयाचे. "या भाऊसाहेब, चहा घ्या," म्हणून त्यांनी हाक मारिली. बोलता बोलता त्यांनी मनातले सांगितले. "वडील जाऊन नऊ वर्षे झाली, पण उतारा अजून त्यांच्याच नावावर. सोसायटीत कर्ज मागायला गेलो, तर तुमच्या नावचा उतारा आणा म्हणतात."

"मग आबा, नोंद का केली नाही?"

ते चुलाणात पाचट सारीत म्हणाले, "दोन बहिणी आहेत. त्यांची नावे लागली तर उद्या वाटणी मागतील, अशी पोरांना धास्ती."

ही धास्ती गावोगाव आहे, म्हणून येथे खुलासा करितो. वारसाची नोंद म्हणजे वाटणी नव्हे. नोंद न केल्याने बहिणीचा हक्क बुडत नाही. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिलेला आहे. बहिणीस स्वखुशीने हिस्सा सोडावयाचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते. नाव लपविणे हा त्यास पर्याय नव्हे. त्यातून तंटे मात्र उपजतात.

घरी परतून आम्ही दळण घेऊन गिरणीवर गेलो. तेथे योगायोगाने आबांची धाकटी बहीण भेटली. तिला वाईतच दिलेली आहे. तिने आपण होऊन विचारिले, "दादाची हळद शिजली का हो?" आम्ही सकाळचे बोलणे काढिले नाही. परंतु आमचा पूर्वीचा हुद्दा ठाऊक असल्याने तीच म्हणाली, "जमीन कोणाला हवी आहे, भाऊसाहेब? पण बापाच्या कागदावर आमचे नाव असू नये, इतक्या का आम्ही परक्या?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर नसण्याचे कारण घरच्या पेटीत होते. दुपारी आम्ही स्वतःचा सातबारा काढून पाहिला. आमचे तीर्थरूप वारून चार वर्षे झाली, तरी त्यावर त्यांचेच नाव आहे आणि आम्हांसही एक बहीण आहे. ज्या हातांनी लोकांच्या शेकडो फेरफारांचे कागद हाताळिले, त्याच हातांनी घरचा एक अर्ज लिहिला नाही. दिव्याखाली अंधार तो हाच.

दुसऱ्या दिवशी मेणवलीच्या वाटेने जाताना आम्ही दोन अर्ज लिहून नेले, एक आबांचा व एक आमचा. दोहोंत बहिणींची नावे घातली होती. आबांनी अर्ज दोनदा वाचून घेतला, पुष्कळ वेळ स्तब्ध राहिले व मग सही केली.

वाचकांनी ध्यानात ठेवावे, ते इतकेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४९ अन्वये वारसाने हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास द्यावी. मुदत टळली तरी अर्ज करिता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र आणि सातबारा व आठ-अ हे उतारे जोडावे. ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज होतो. त्यानंतर हितसंबंधितांस नोटीस निघते, हरकतीस १५ दिवस मिळतात व मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करितात.

शेतकरी बंधूंनो, आज सायंकाळी आपापला उतारा एकदा काढून पाहावा. त्यावर दिवंगताचे नाव असेल तर अर्ज लिहिण्यापूर्वी बहिणीस घरी बोलवावे.