उन्हाला काचेबाहेरच थांबवा

वैशाखातील दुपारी विदर्भ-खानदेशात पारा ४५ अंशांकडे झेपावू लागला, की आपण खिडक्यांचे जाड पडदे ओढून घेतो. तरीही खाटेवर पहुडलेल्या वृद्धांची तगमग थांबत नाही. अशा वेळी त्या पडद्याला हात लावून पाहावा. तो तापलेला असतो. याचा अर्थ, ऊन केव्हाच घरात शिरलेले असते.

सूर्यकिरण काचेतून सहज आत येतात. पडद्यावर पडताच त्यांतील बराच भाग उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता काचेतून तितक्या सहजतेने परत जात नाही. तोच पडदा काचेच्या बाहेर असेल, तर तो बाहेर तापतो आणि त्याची उष्णता वारा वाहून नेतो.

वृद्धांच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा आहे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो. लघवी वाढवणाऱ्या औषधांनी शरीरातील पाणी आणखी घटू शकते. (मात्र कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नये.) तापमान ४० अंशांपलीकडे गेल्यास पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणून उष्णता आत येऊ न देणे हाच पहिला उपचार होय.

प्रारंभ पश्चिमेच्या खिडकीपासून करावा. मे महिन्यात आपल्याकडे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन फारसे पडत नाही. पश्चिमेकडे मात्र दुपारनंतर ते तिरपे होऊन खोलीत खोलवर पोहोचते. त्यानंतर पूर्वेची खिडकी झाकावी.

साधने आपल्या परिचयाचीच आहेत. बांबूच्या पट्ट्यांचा गुंडाळता येणारा पडदा उत्तम. शेतीसाहित्याच्या दुकानातील शेडनेटही चालते; खिडकीसाठी ७५ टक्के सावलीची जाळी पुरेशी ठरते. कोरड्या हवेच्या प्रदेशात वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडल्यास झुळूक गार होते. कोकणातील दमट हवेत या शिंपडण्याचा लाभ अल्प. तेथे केवळ सावली करावी.

पडदा काचेला चिकटवून न लावता वीतभर अंतर ठेवावे, म्हणजे मधून हवा खेळती राहते. वळवाच्या वादळात तो उडू नये म्हणून खालची टोकेही घट्ट बांधावीत. सदनिकेत राहत असाल, तर सोसायटीची अनुमती आधी घ्यावी. हे काम ज्येष्ठांनी स्टुलावर चढून कदापि करू नये.

आणखी एक गोष्ट काळजीवाहकांनी ध्यानात घ्यावी. खोली गार करण्याच्या नादात ती काळोखी होता कामा नये. मंद प्रकाशात वृद्धांचा पाय अडखळतो, आणि दिवसभर बाहेरचे काहीच न दिसल्याने मनही कोमेजते. उजेड झिरपू देणारी जाळी वा संध्याकाळी वर गुंडाळता येणारा पडदा म्हणूनच श्रेयस्कर. ऊन उतरल्यावर खिडकी उघडून त्यांना तिच्यापाशी बसवावे. रात्री व पहाटे गार वारा आत घ्यावा. बाहेरची हवा तापू लागताच खिडक्या मिटाव्यात.

सावली झाली तरी देखरेख सोडू नये. दुपारी थोडे थोडे पाणी देत राहावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, अंग कढत लागले वा शुद्ध हरपू लागली, तर उष्माघात समजून तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत ओल्या कापडाने अंग पुसत वारा घालावा.

चैत्र संपण्यापूर्वी एखाद्या दुपारी चार वाजता घरातील प्रत्येक खिडकीची काच आतून हाताने चाचपून पाहा. जी सर्वाधिक तापलेली असेल, तिच्याबाहेर पहिला पडदा बांधा.