परकीय नागरिकत्व आणि मायदेशातील घर

दादरा व नगर हवेलीचा भूप्रदेश १९५४ साली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला व १९६१ साली भारतीय संघराज्यात विलीन झाला. दोन राजवटींचे कायदे पाहिलेल्या या भूमीत ‘जमीन कोणाची?’ या प्रश्नाइतकाच ‘ती घेण्यास पात्र कोण?’ हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. विशेषतः परदेशी स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांना सिल्वासा परिसरात आपले एखादे घर असावे, अशी ओढ वाटते, तेव्हा तो प्रकर्षाने पुढे येतो.

परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. दमण व गोव्यातील ज्यांनी पोर्तुगीज पारपत्र घेतले, त्यांनाही हाच नियम लागू आहे. मग अशा व्यक्तीस येथे घर विकत घेता येते काय? याचे उत्तर १ जून २००० पासून अमलात आलेल्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात व त्याखालील २०१९ च्या नियमांत आढळते.

अनिवासी भारतीय नागरिक व ओसीआय कार्डधारक यांना निवासी घर अथवा दुकान विकत घेण्यास रिझर्व्ह बँकेची स्वतंत्र परवानगी लागत नाही. मोबदला मात्र बँकेमार्फतच द्यावा लागतो. परकीय चलनाच्या नोटा चालत नाहीत. शेतजमीन, मळ्याची जमीन व फार्महाउस त्यांना विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेत वारशाने आले तर ते ठेवता येते; पण विकावयाचे झाल्यास भारतात राहणाऱ्या व्यक्तीसच विकावे लागते.

भारतीय वंशाचा नसलेला आणि भारताबाहेर राहणारा परकीय नागरिक सामान्यतः घर खरेदी करू शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने मात्र घेऊ शकतो. केवळ पर्यटक म्हणून आल्याने तो ‘निवासी’ ठरत नाही.

येथेच सावधगिरी हवी. जाहिरातीत ‘बंगल्याचा भूखंड’ म्हटलेली जागा महसुली दप्तरात शेतजमीनच असू शकते. म्हणून बिनशेती आदेश पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. नियमभंग झाल्यास व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आप्तेष्टांच्या नावावर गुप्तपणे खरेदी करणे हा तर बेनामी व्यवहाराचा धोका आहे.

जन्मभूमीची ओढ प्रामाणिक असली, तरी मालकी हक्क कागदानेच सिद्ध होतो. कायदा घराची वाट बंद करीत नाही. शेताची मात्र खरेदीने उघडत नाही. हा भेद ध्यानी ठेवणाऱ्याचे घर पुढील पिढीलाही निर्वेध लाभेल.